काजऱ्याची बी : विष कीं औषध?

कोंकणच्या रानांत काजऱ्याचा वृक्ष असतो. त्याचें पिकलेलें फळ नारिंगासारखें दिसतें. पण त्याच्या गरांत नाण्याएवढ्या, चपट्या, रेशमी लव असलेल्या करड्या बिया दडलेल्या असतात. बाजारांत त्यांस कुचला म्हणतात. ह्याच बिया चिनी वैद्यकांतही शतकानुशतकें वापरांत आहेत. तेथील त्यांच्या 'माछ्येन्झ' ह्या नांवांत घोड्याच्या साजावरील नाण्यांची उपमा आहे.

चीनमधील थोर वैद्य ली शिझेन ह्याचा 'पन्त्साव कांगमू' हा औषधिकोश १५९६ सालीं, त्याच्या मृत्यूनंतर, प्रसिद्ध झाला. त्यांत ही परदेशी बी ज्वरावर व घशाच्या सुजेवर सांगितली आहे. आश्चर्य हें कीं, त्यानें तिला निर्विष म्हटलें! मात्र हिच्या योगानें कुत्रीं मरतात असें कोणी सांगतात, हेंही त्याच नोंदींतून त्यानें वगळलें नाहीं.

ह्यांपैकीं खरें काय? १८१८ सालीं पेल्तिए व कावांतू ह्या फ्रेंच रसायनज्ञांनीं ह्याच कुळांतील दुसऱ्या एका बीमधून स्ट्रिक्नीन हें विष वेगळें काढलें. तेंच काजऱ्यांतही आहे. मज्जारज्जूंत ग्लायसीन नांवाचें द्रव्य आपल्या स्नायूंस आवर घालण्याचें काम करतें. स्ट्रिक्नीन त्याची वाट अडवितें. मग लगाम तुटलेल्या घोड्याप्रमाणें स्नायू उधळतात. थोड्याशा आवाजानेंही आंचके येतात, पाठ धनुष्यासारखी वांकते. रोगी बहुधा शुद्धीवर असतो, आणि अखेर श्वास कोंडून मृत्यु येतो.

चिनी वैद्य ही बी तापलेल्या वाळूंत फुगेपर्यंत भाजतात व दिवसास ०.३ ते ०.६ ग्रॅमच देतात. आपले वैद्यही गोमूत्र, दूध व तूप ह्यांनीं तिची शुद्धि करतात. तेणेंकरून विष कमी होतें, नाहींसें होत नाहीं. म्हणूनच चीनच्या सरकारनें १९८८ सालीं कच्ची बी विषारी औषधांच्या नियंत्रित यादींत घातली.

पालकांस आमची विनंति अशी कीं, संधिवातावर गुणकारी म्हणून सांगोवांगीं कुचला घरांत आणूं नये. कोणा मुलानें ही बी चावली तर ओकारी काढण्यांत वेळ न दवडतां त्यास तत्काळ रुग्णालयांत न्यावें.

आणि विद्यार्थ्यांनीं एवढें ध्यानांत ठेवावें : ली शिझेनचें मत चुकलें, परंतु मताविरुद्ध जाणारी साक्ष त्यानें खोडली नाहीं. आपल्या प्रयोगवहींतही हाच बाणा राखावा.