बोट लागते म्हणून किनाऱ्यावर बसू नकोस

बयो, तुझा निरोप वाचला. जानेवारीत मालवणला सगळा गोतावळा जमणार, सिंधुदुर्ग किल्ला बघणार, एक सकाळ खास बोट ठरवून गळ टाकायला समुद्रात जाणार. आणि तू? "मला बोट लागते, मी आपली किनाऱ्यावर सामान राखीत बसेन, माझ्यामुळे कुणाचा विरस नको." हे वाचल्यावर मला राहवेना. तुला जायचंच नसेल तर खुशाल थांब. पण लाज वाटते म्हणून थांबणार असशील, तर ते मला मुळीच पटत नाही.

आधी एक गोष्ट मनातून काढून टाक. बोट लागणं म्हणजे भित्रेपणा नव्हे, नाजूकपणा नव्हे, आणि मनाचे खेळ तर नव्हेतच. आपल्या कानाच्या आत, अगदी खोल, तोल सांभाळणारे अवयव असतात. तीन अर्धवर्तुळाकार नलिका डोकं कसं वळलं ते सांगतात. त्यांच्याजवळचे आणखी दोन छोटे अवयव शरीर वर गेलं, खाली आलं, कललं याची खबर देतात. तू बोटीत बसून पिशवीत डोकं घातलेलं असतंस, तेव्हा डोळे मेंदूला सांगतात की सगळं स्थिर आहे, आणि कान सांगतो की आपण वरखाली होतोय. दोघांचं जुळत नाही आणि मळमळ सुरू होते. साधारण पाच सेकंदांत एकदा वरखाली होणारी संथ हालचाल सगळ्यात जास्त छळते. ज्यांच्या दोन्ही कानांतले हे अवयव निकामी झालेले असतात, त्यांना बोट लागतच नाही. म्हणजे तुझे कान आपलं काम चोख करताहेत, एवढाच याचा अर्थ. चार्ल्स डार्विन १८३१ ते १८३६ अशी जवळजवळ पाच वर्षं 'बीगल' जहाजातून फिरला, तरी त्याला शेवटपर्यंत बोट लागत राहिली. इंग्रजांचा नौसेनापती नेल्सन, त्यालाही लागायची.

बायकांना हा त्रास पुरुषांपेक्षा जास्त होतो. पाळीच्या दिवसांत, गरोदरपणात आणि अर्धशिशी असेल तर आणखी वाढतो. तुला अर्धशिशी आहे, म्हणून मुद्दाम सांगतेय. पण याखेरीज मला एक गोष्ट दिसते. बोट सुटली की पुरुषमंडळी उभी राहून वारा खात लांब बघत असतात. आणि आपण? कुणाला टोपी दे, कुणाचं पाणी काढ, डब्याचं झाकण उघड, पोराच्या बुटाची नाडी बांध. सगळा वेळ मान खाली, नजर पिशवीत. बोट लागायला याहून सोपा रस्ता नाही. म्हणून पहिला नियम हाच की बोटीत तू कुणाचं काही काढून द्यायचं नाहीस. ज्याचं त्याचं पाणी, टोपी आणि खाऊ घरूनच वेगवेगळ्या पिशवीत भरून ज्याच्या त्याच्या हातात दे. नवऱ्याला आधीच सांगून ठेव की बोटीवरच्या वेळात पोरांकडे तो बघेल. हे मागणं जास्तीचं नाही गं.

आता वेळेचं बघ. बोट ठरवणाऱ्याला सांग, सकाळीच निघायचं. थंडीच्या दिवसांत कोकणात पहाटे जमिनीकडून मतलई वारा सुटतो आणि किनाऱ्याजवळचा समुद्र बराच शांत असतो. दुपारकडे खारा वारा जोर धरतो आणि लाटा वाढतात. सहा-सातला निघून अकराच्या आत परत आलात तर निम्मी काळजी तिथेच मिटते. जेवणं उरकून दुपारी निघू, असं कुणी म्हणालं तर तू ठाम नाही म्हण. आणि बोट चालवणारा तांडेल म्हणाला की आज समुद्राला जोर आहे, तर त्या दिवशी कुणीच जायचं नाही. तिथे त्याचाच शब्द शेवटचा.

किल्ल्याची फेरी मालवणच्या धक्क्यावरून जेमतेम पाव तासाची, तिची धास्ती घेऊ नकोस. देवबागला कर्लीच्या खाडीत फिरणार असाल तर तिथलं पाणीही संथ असतं. मात्र खाडी समुद्राला मिळते तिथे बोट उसळते, तेवढ्यापुरती नजर लांब ठेव. खरी तयारी हवी ती गळ टाकायच्या सकाळसाठी. त्याआधी एखाद्या रविवारी गेटवेहून मांडव्याला जाऊन ये. तासाभराचा प्रवास आहे, आणि पुढे सांगतेय ते सगळं तिथे करून बघता येईल. शरीराला सवय होते बयो. सलग समुद्रावर असलं तर बहुतेकांचा त्रास दोन-तीन दिवसांत ओसरतो.

आता गोळीचं. हे नीट वाच, कारण इथेच बहुतेकांचं चुकतं. गोळी घ्यायची ती बोटीत चढण्याआधी. मळमळ सुरू झाली की पोटाचं काम मंदावतं. मग गोळी घेतली तरी ती लवकर अंगी लागत नाही आणि बरेचदा उलटीतूनच बाहेर पडते. आपल्याकडे मिळणारी नेहमीची गोळी म्हणजे अव्होमिन, म्हणजेच प्रोमेथाझिन. मोठ्या माणसाने २५ मिलिग्रॅमची एक गोळी आदल्या रात्री झोपताना किंवा निघण्याआधी एक-दोन तास घ्यायची असते. दुसरं औषध सिनारिझिन. तेही दोन तास आधी. तुझ्यासाठी कुठलं आणि किती, ते तुझ्या डॉक्टरांना विचारून ठरव. अर्धशिशीच्या काही गोळ्या चालू आहेत हे त्यांना आवर्जून सांग. घरात उलटीवर असतात त्या डॉमपेरिडोन किंवा ऑन्डान्सेट्रॉनच्या गोळ्यांवर विसंबू नकोस. पोट बिघडलं असताना त्या कामाला येतात, पण बोट लागू नये म्हणून त्यांचा उपयोग नाही. सर्दीवरची सिट्रिझिनही इथे चालत नाही. मोठी जाऊबाई परदेशातून येताना कानामागे लावायची स्कोपोलामिनची पट्टी आणणार म्हणतेस. ती निदान चार तास आधी लावावी लागते आणि तीन दिवस चालते, पण तिथल्या डॉक्टरांनी लिहून दिलेली पट्टी ज्याची त्यानेच वापरावी.

या गोळ्यांनी झोप येते. म्हणून एखाद्या सुट्टीच्या दिवशी घरीच घेऊन बघ, आपल्याला किती गुंगी येते ते कळेल. गोळी घेतलेल्याने त्या दिवशी गाडी चालवायची नाही आणि बिअरला हात लावायचा नाही. काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असलेल्यांनी, गरोदर बाईने, अंगावर पाजणाऱ्या आईने डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. पोरांना तर मोठ्यांची गोळी अर्धी मोडून कधीच देऊ नकोस. दोन वर्षांखालच्या बाळाला प्रोमेथाझिन द्यायचंच नसतं, आणि मोठ्या मुलांचा डोस बालरोगतज्ज्ञांनीच सांगायचा. दोन ते बारा वर्षांच्या पोरांना बोट जास्त लागते, त्यामुळे तुझ्या धाकट्या लेकीसाठी आधीच विचारून ठेव.

खाण्याबाबत दोन टोकं टाळ. उपाशी पोटी जाऊ नकोस, आणि कोंबडी-वडे चापूनही जाऊ नकोस. आदल्या रात्री साधं जेव, लवकर झोप. जागरण झालं की त्रास वाढतो. सकाळी निघायच्या तासभर आधी वाटीभर पेज किंवा एक-दोन घावणे, बस्स. बोटीत कुरमुरे, भाजके चणे, कोरडी बिस्किटं ठेव आणि थोडं थोडं तोंडात टाक. आलेपाकाच्या दोन वड्याही घे. आल्याने काहींना चांगला आराम पडतो, काहींना फारसा नाही. पण त्याने गुंगी येत नाही, म्हणून घेऊन बघायला हरकत नाही. हाताच्या आतल्या बाजूला, मनगटापासून तीन बोटं कोपराकडे, दाबायची जागा असते, तिचंही तसंच आहे. बरं वाटलं तर दाब, पण त्या भरवशावर गोळी चुकवू नकोस.

बोटीत शिरलीस की जागा धरून ठेव. पुढचं टोक सगळ्यात जास्त उसळतं. तिथून फोटो चांगले येतात, म्हणून सगळे तिकडे धावतील. तू मध्यावर, थोडी मागच्या अंगाला बस, तोंड बोट जाते त्या दिशेला. पण इंजिनाच्या अगदी शेजारी नको, डिझेलचा धूर नाकात गेला की गोळीनेही निभत नाही. नजर क्षितिजावर किंवा किनाऱ्यावरच्या माडांच्या रांगेवर ठेव. आत छपराखाली जाऊन बसावंसं वाटेल, जाऊ नकोस. फोन पिशवीत टाक आणि परत येईपर्यंत काढू नकोस.

गळ टाकायच्या बोटीत खरी कसोटी कधी लागते, माहीत आहे? बोट चालू असते तेव्हा नव्हे. तांडेल नांगर टाकतो, इंजिन बंद होतं, समोरून लागणारा वारा थांबतो आणि बोट जागच्या जागी डोलायला लागते, तेव्हा. त्याच वेळी सगळे माना खाली घालून गळाला आमिष लावत बसतात, आणि हाताला, नाकाला तोच मासळीचा वास. म्हणून गळ बांधणं, आमिष कापणं धक्क्यावरच उरकून घ्यायला सांग. बोटीवर तुझ्या गळाला आमिष खलाशी लावून देईल, त्यात कसला कमीपणा? दोर हातात धर आणि लांब बघत राहा. मासा लागला की हाताला हिसका कळतोच, त्यासाठी पाण्यात टक लावून बघायची गरज नसते. फार डोलायला लागलं तर तांडेलाला म्हण, "दादा, जरा जागा बदलूया." बोट चालती झाली की पुष्कळांना बरं वाटतं. तारकर्लीला स्कुबा करणार असाल तर तिथेही हेच. पोशाख चढवून डोलत्या बोटीत ताटकळत बसू नका. गोळी घेतली असेल किंवा मळमळत असेल तर प्रशिक्षकाला आधी सांगा. मळमळत असताना पाण्याखाली जायचं नाही.

एवढं करूनही त्रास होऊ शकतो. तो आधी सूचना देतो. जांभया येतात, तोंडाला पाणी सुटतं, कपाळावर थंड घाम येतो, बोलावंसं वाटत नाही. आपण नेमकं इथेच गप्प बसतो. होईल ठीक म्हणतो, उगाच कशाला सांगायचं म्हणतो. बयो, सगळा उपाय या पहिल्या दहा मिनिटांत आहे. पहिल्या जांभईला सांगितलंस तर वाऱ्याची जागा, क्षितिज आणि कोरडं बिस्किट यांवर भागतं. उशीर झाला की उलटीशिवाय सुटका नाही.

उलटी आलीच तर येऊ दे. पिशवीत कर, आणि पिशव्या दोन-चार जवळ असू देत. बाहेरच करायची तर वारा पाठीवर घेऊन, कुणीतरी घट्ट धरलेलं असताना. कठड्यावरून एकटीने वाकायचं नाही आणि लाइफ जॅकेट काढायचं नाही. मग चूळ भर, बोटीच्या मध्यावर उताणी पड, डोळे मीट, डोकं हलवू नकोस. पाणी घोटघोट पी. ओआरएसची पुडी पाकिटावर लिहिलेल्या मापाच्या पाण्यात कालवून जवळ ठेव. पुडी नसेल तर लिटरभर पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, लहान चमच्याने मोजून.

सासूबाई बरोबर असतील, म्हणून एक गोष्ट पक्की लक्षात ठेव. छातीत दुखणं, दम लागणं, एका बाजूचा हातपाय लुळा पडणं, बोलणं अडखळणं, अचानक असह्य डोकं दुखणं यातलं काहीही दिसलं तर "बोट लागली असेल" म्हणून थांबायचं नाही. बोट लगेच वळवायची आणि थेट दवाखाना गाठायचा. त्यांना मधुमेह आहे, उलट्या होऊन खाणं पोटात टिकलं नाही तर त्यांच्या गोळ्यांचं काय करायचं, हेही निघण्याआधी विचारून घे. किनाऱ्यावर आल्यावर जमीन थोडा वेळ हलल्यासारखी वाटेल. ते बहुधा दिवसभरात जातं. तोवर न्हाणीघरात जपून चाला.

आणि शेवटचं. धक्क्यावर पाय ठेवताच तांडेलाला आणि सगळ्यांना सरळ सांग, "मला बोट लागते. मी मध्ये बसणार आहे, आणि सांगेन तेव्हा बोट हलवायची." मोठ्याने सांग. त्या बोटीत आणखी कुणी ना कुणी तोंड दाबून बसलेलं असेलच, तुझ्यामुळे तेही बोलतील. धाकटीही ऐकेल, आणि आपल्याला त्रास होतोय हे सांगायला लाजायचं नसतं, हे तिला आतापासूनच कळेल. डॉक्टरांकडे या आठवड्यातच जा. काय म्हणाले ते मला कळव.