वैशाखातला कोट

नाशिकची हवा थंड, हा लौकिक द्राक्षांच्या हंगामापुरता खरा आहे. एप्रिल उजाडला की पारा चाळिशीला टेकतो, मालेगावकडे तर त्याच्याही वर जातो, आणि नेमक्या याच दिवसांत वाजवणाऱ्या-गाणाऱ्यांना उसंत नसते. कामदा एकादशीला काळाराम मंदिराचे राम आणि गरुड रथ निघतात. सप्तशृंग गडावर रामनवमीपासून चैत्री पौर्णिमेपर्यंत यात्रा भरते आणि खान्देशातून वाजतगाजत पायी येणाऱ्यांची रीघ लागते. गावोगावच्या जत्रा, बुद्ध पौर्णिमेपर्यंत चालणारे तमाशाचे फड आणि या सगळ्यांवर कडी करणारी लग्नसराई. गंगापूर रोडपासून औरंगाबाद रोडपर्यंत एकही लॉन्स रिकामं सापडत नाही.

या सगळ्या धामधुमीत वादकाने अंगात काय घालायचं, हे वादक सोडून सगळे ठरवतात. नवरदेवाचा मामा ठरवतो, छायाचित्रकार ठरवतो, सजावटवाला पडद्याच्या रंगाला शोभेल असं काही सुचवतो. ज्याला तीन तास ते कापड अंगावर वागवायचं आहे त्याला कुणी विचारत नाही.

लग्नातल्या बँडचं बघा. दुपारी साडेबाराचा मुहूर्त म्हणजे मिरवणूक साडेअकराला डांबरी रस्त्यावर. लाल किंवा गडद निळ्या रंगाचा, गळ्यापर्यंत बटणं लावलेला कोट, खांद्यावर सोनेरी झालर, छातीवर लेस, डोक्यावर तुऱ्याची टोपी. कापड बहुतेक वेळा पॉलिस्टरचं, कारण ते स्वस्त पडतं, चुरगळत नाही आणि रात्री धुतलं तर सकाळी वाळतं. मागे जनरेटरची गाडी गरम वाफा सोडत असते. अशा वेळी बँड मास्तर आणि यजमान यांच्यात होणारा संवाद प्रस्तुत लेखकाने अनेकदा ऐकला आहे.

“मास्तर, पोरांचे कोट कुठंयत?”

“दादा, ऊन लई झालंय. दोन गाणी बिनकोटाची वाजवू द्या, दारात आल्यावर घालतो.”

“अहो, फोटोत काय दिसणार मग? पैसे ड्रेससकट ठरलेत.”

आणि कोट चढतात. ट्रम्पेट फुंकणारा माणूस उभ्या उभ्या जे श्रम करतो ते मंडपात बसलेल्याला कळत नाहीत. पोटाचे, छातीचे, गालांचे स्नायू सतत कामात असतात, हातातलं पितळ उन्हाने तापलेलं असतं आणि वर चालणंही असतं. साइड ड्रम किंवा ढोल गळ्यात अडकवलेल्याची अवस्था याहून बिकट.

अशक्त माणसांनाच हे सोसत नाही, असं म्हणायची सोय नाही. १० जून २०२३ ला लंडनमध्ये राजाच्या वाढदिवसाच्या संचलनाची तालीम युवराज विल्यम यांच्यासमोर चालली होती. तापमान ३० अंशांच्या आसपास, म्हणजे आपल्याकडे माघ-फाल्गुनातली दुपार. सैनिकांच्या अंगात जाड लोकरीचे लाल अंगरखे आणि डोक्यावर अस्वलाच्या कातडीच्या उंच टोप्या. किमान तीन जण उभ्या जागी कोसळले. त्यांतला एक सैनिकी बँडमधला ट्रॉम्बोनवादक होता. तो उठला, त्याने पुन्हा वाजवायचा प्रयत्न केला, पण शेवटी त्याला उपचारांसाठी न्यावं लागलं. शिस्तीत मुरलेल्या, धडधाकट, तरुण वादकाची ३० अंशांत ही गत झाली. मग चाळीस अंशांत, रस्त्यावर, अर्धपोटी वाजवणाऱ्या आपल्या मुलांचं काय होत असेल?

नुसतं बसूनही ऊन जीव घेतं, हे महाराष्ट्राने १६ एप्रिल २०२३ ला खारघरमध्ये पाहिलं. महाराष्ट्र भूषण पुरस्काराच्या सोहळ्यासाठी लोक उघड्या मैदानात तासन् तास बसले होते. त्यांतले १४ जण दगावले. हवामान खातं जो आकडा देतं तो सावलीतल्या, हवेशीर पेटीत ठेवलेल्या तापमापकाचा असतो, हे अनेकांच्या लक्षात येत नाही. पेपरात ४० छापून आलं, तर पश्चिमेकडे तोंड असलेल्या लोखंडी मंचावर, काळ्या मॅटवर, दिव्यांच्या झोतात बसलेल्या माणसाला त्याहून कितीतरी जास्त सोसावं लागतं.

शरीर थंड राहतं ते घामाने, पण नुसता घाम येऊन भागत नाही. तो वाळावा लागतो. एक लिटर घाम पूर्ण वाळला तर अंगातली सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. तोच घाम कापडाखाली अडकला किंवा टपटप गळून गेला, तर पाणी आणि मीठ गेलं, थंडावा मात्र मिळाला नाही. मंचावरच्या पोशाखाची सगळी परीक्षा या एका गोष्टीत आहे.

ती परीक्षा प्रस्तुत लेखकाने जवळून पाहिली ती एका लॉन्सवर. तो तबल्याच्या साथीला होता. संगीत संध्येचा कार्यक्रम, मे महिना, मंचाचं तोंड मावळतीला. आयोजकांनी सगळ्या साथीदारांना एकसारखी काळी मखमली जाकिटं आणली होती आणि ध्वनिचाचणीपासूनच ती घालायचा आग्रह धरला, कारण चित्रीकरण तेव्हाच सुरू होणार होतं. पाऊण तासात संवादिनीवाल्याने एकच प्रश्न दुसऱ्यांदा विचारला: “पट्टी कोणती?” मग तिसऱ्यांदा. या माणसाच्या हातून पट्टी चुकलेली कुणाला आठवत नाही. चेहरा पांढरा पडला होता आणि हात धरला तर गार, चिकट लागला. त्याला मंचामागे सावलीत आडवं केलं आणि जाकीट उतरवलं. आतला सदरा पिळून काढावा इतका ओला, तर जाकिटाची बाहेरची मखमल कोरडी ठणठणीत. उलटं करून पाहिलं तेव्हा आत चकचकीत पॉलिस्टरचं अस्तर होतं. इतका वेळ आलेला सगळा घाम त्या अस्तराने आतच कोंडून ठेवला होता. ओले पंचे, पंखा आणि मीठ-साखरेचं पाणी यांनी तासाभरात तो सावरला. त्या दिवशी मात्र तो वाजवू शकला नाही. उष्णतेचा थकवा, आणखी थोडा उशीर झाला असता तर उष्माघात, असं डॉक्टरांनी नंतर सांगितलं.

म्हणून पहिली सूचना: शेरवानी, जाकीट, कोट काहीही हातात आलं तर आधी उलटं करून अस्तर बघा. वरून खादी रेशीम आणि आतून पॉलिस्टर, हा प्रकार बाजारात सर्रास आहे. कापडाच्या नावावर विसंबू नका. दुकानदार ‘कॉटन सिल्क’ म्हणतो तेव्हा त्यात कापूस किती आणि रेशीम किती, हे त्यालाही बऱ्याचदा माहीत नसतं. शिवणीतला एक सुटा धागा काढून चिमट्यात धरा आणि काडी लावा. सुती धागा कागद जळाल्यासारखा वास देतो आणि त्याची मऊ राख होते. अस्सल रेशमाला केस जळाल्याचा वास येतो. पॉलिस्टर वितळतं आणि टोकाला टणक काळा मणी उरतो. मणी उरला तर ते कापड डिसेंबरसाठी ठेवा.

रंगाबद्दल मात्र एक गैरसमज आहे. काळा म्हणजे गरम, पांढरा म्हणजे थंड, एवढ्यावर बोलणं संपतं. वाळवंटातले बेदुईन लोक काळे झगे का घालतात, याचा शोध काही शास्त्रज्ञांनी घेतला आणि १९८० मध्ये तो ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. काळा झगा ऊन जास्त शोषतो, पण झगा सैल असेल तर ती जादा उष्णता कातडीपर्यंत पोचण्याआधीच निघून जाते. काळ्या आणि पांढऱ्या झग्यातल्या माणसांच्या अंगात जाणारी उष्णता सारखीच भरली. यावरून काळं खुशाल घाला असं कुणी समजू नये. आपले काळे कुर्ते काही झग्यासारखे ढगळ नसतात. पण कपडा सैल असणं हे रंगाइतकंच मोलाचं आहे, हे त्यातून नक्की कळतं. अंगासरशी शिवलेला पांढरा कुर्ता काखेत आणि पाठीवर चिकटला की त्याचा पांढरेपणा काही कामाचा नाही. कुर्ता नेहमीच्या मापापेक्षा दोन-तीन इंच सैल, काखेत कळी घातलेला आणि बाजूला लांब चिरा असलेला शिवून घ्यावा. तलम सुती किंवा मलमल असेल तर आत सुती बनियन घालावं, ते घाम शोषतं आणि मंचावर कुर्ता पारदर्शक दिसत नाही.

कडक खळीचा कुर्ता हा गायक-वादकांचा जुना लाडका. उन्हाळ्यात खळ हलकी ठेवावी. जास्त खळीने कापडाची छिद्रं बुजतात, शिवाय कॉलर माइक लावला असेल तर प्रत्येक हालचालीला खरखर ऐकू येते आणि साउंडवाला कपाळाला हात लावतो.

प्रत्येक वाद्याची गरज निराळी. तबलजीच्या कपाळावरचा घाम शाईवर पडला की आवाज बसतो, म्हणून डोक्याला नाही तर निदान मनगटाला सुती पट्टी हवी आणि हाताशी पंचा. पावडर थोडीच लावावी, घामात मिसळून तिचा चिखल होतो. सतार, गिटार, व्हायोलिन यांच्या तारा घामाने गंजतात आणि पॉलिश जातं. छातीवर धातूची बटणं किंवा भरजरी काम असेल तर वाद्याच्या पाठीवर ओरखडे उमटतात ते वेगळेच. बासरीवाल्यासमोर पंखा ठेवणं म्हणजे त्याची फुंकच पळवणं. त्याच्यासाठी पंखा मागून किंवा खालून, पाठीवर वारा येईल असा लावावा. वारा पाठीवर घ्यायचा तर पाठ मोकळी हवी, म्हणून बासरीवादकाने जाकीट घालूच नये, असं प्रस्तुत लेखकाचं ठाम मत आहे.

गायिकांची अडचण जास्त. येवला नाशिक जिल्ह्यातलंच, त्यामुळे इथल्या मैफलीत पैठणी नेसणं हा अभिमानाचा भाग. अस्सल पैठणी रेशमाची असते आणि रेशीम पॉलिस्टरपेक्षा कितीतरी बरं, पण जरीचा भरगच्च पदर दोन-तीन पदरांनी खांद्यावर आला की तिथली हवा बंद होते. पैठणी नेसायचीच तर सूर्य मावळल्यानंतरच्या कार्यक्रमाला, पदर एकेरी सोडून नेसावी. आत सॅटिनचा नव्हे, सुती परकर हवा आणि ब्लाउजला सुती अस्तर. ‘सेमी पैठणी’ म्हणून मिळणाऱ्या पुष्कळ साड्यांत कृत्रिम धागा असतो, त्यांना वरची काडीची परीक्षा लावावी. दुपारच्या कार्यक्रमाला महेश्वरी किंवा तलम सुती साडी मंचावर तितकीच देखणी दिसते. लावणीच्या कलावतींना तर नऊवारी, पायातल्या घुंगरांचं वजन आणि नाच हे सगळं एकदम सांभाळायचं असतं. त्यांच्या दोन गाण्यांमध्ये पाणी पिण्यापुरता निवेदनाचा वेळ राखून ठेवणं फडमालकाच्या हातात आहे.

ढोल पथकांच्या फेट्याबद्दल थोडं. फेटा सुती असेल तर तो डोक्याला उन्हापासून वाचवतो, आमच्या शेतकऱ्यांनी तो उगाच बांधला नाही. आता मिळतो तो तयार, आतून पुठ्ठा किंवा फोम असलेला, चमकदार कृत्रिम कापडाचा. त्यात डोकं उकडून निघतं. सुती फेटा बांधणारा माणूस बोलवावा, वेळ लागला तरी चालेल. आणि तापलेल्या डांबरावर अनवाणी वाजवायचा हट्ट कुणी धरू नये, पथकप्रमुखानेही नाही.

शोभेचे नियम बदलता येतात. वकिलांचा काळा कोट म्हणजे तर न्यायालयाची ओळख, तरी बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांनुसार सर्वोच्च आणि उच्च न्यायालयं वगळता इतर न्यायालयांत उन्हाळ्यात काळा कोट सक्तीचा नाही. १ मेला महाराष्ट्र दिनाचं ध्वजवंदन सकाळी आठला होतं, भर दुपारी नाही. न्यायालय आणि सरकार जी सवलत घेतात, ती बँडवाल्याला मिळायला काय हरकत आहे?

पोशाख कितीही चांगला असला तरी खुणा ओळखता आल्या पाहिजेत. डोकं दुखणं, मळमळ, पोटऱ्यांत गोळे, ताल किंवा पट्टी विसरणं, गार चिकट कातडी ही पहिली सूचना. तिथेच वाजवणं थांबवावं, सावलीत न्यावं, कपडे सैल करावेत. एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, सपाट चहाच्या चमच्याने मोजून, हे पाणी घोटघोट द्यावं. माणूस असंबद्ध बोलू लागला, अंग भट्टीसारखं तापलं किंवा शुद्ध हरपली तर तो उष्माघात समजावा. तोंडात पाणी ओतू नये, अंगावर पाणी मारत वारा घालत राहावं आणि १०८ ला फोन करावा. दोन गाणी उरलीत म्हणून थांबू नये.

यंदाच्या लग्नसराईत ज्यांच्या घरी कार्य आहे त्यांना एक विनंती. बँड किंवा मैफल ठरवताना सुपारी देतानाच मास्तरांना सांगा, “मे महिन्यात कोट नको, पांढरा सुती सदरा आणि सुती फेटा चालेल, फोटोचं आम्ही बघून घेऊ.” मिरवणुकीसोबत पाण्याचे जार ठेवलेली एक गाडी ठेवा आणि मुहूर्त दुपारचा असेल तर मिरवणूक सकाळी दहाच्या आत आटोपा.