इंग्रजीचा तास : बाकं फिरवा, भीती घालवा

मराठी मीडियममधून आलेल्या कितीतरी जणांना थर्मो पक्कं येतं, पण व्हायवात तोंड उघडत नाही आणि मार्क जातात. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले म्हणून माझं इंग्रजी हुशारी समजलं जातं. खरं तर ती नुसती सवय आहे. स्टीफन क्रॅशन हे भाषातज्ज्ञ सांगतात, की मनावर ताण असला तर कानावर पडलेली भाषा आत मुरत नाही. म्हणून आधी वर्ग बदलू या.

१) बाकं यू आकारात लावा. लास्ट बेंच उरतच नाही.

२) 'कॅन यू रिपीट?', 'आय थिंक...' अशी तयार वाक्यं चार्टवर लिहून भिंतीला लावा.

३) प्रश्न विचारून थांबा. मेरी बड रो यांनी १९७४ मध्ये दाखवलं, की शिक्षक जेमतेम १ सेकंद थांबतात. ३ सेकंद थांबल्यास उत्तरं मोठी येतात, गप्प बसणं कमी होतं.

४) आधी शेजाऱ्याशी मराठीत बोला, मग वर्गाला इंग्रजीत सांगा.

५) मध्येच चुका काढू नका. शेवटी नाव न घेता फळ्यावर लिहा.

हॉस्टेलच्या कॉमन रूममध्येही हे जमेल. खर्च एका चार्टपेपरचा. नियम एकच : कुणी हसायचं नाही!