इतिहास घेणार असाल तर मोडीपासून सुरुवात करा

पुण्याच्या पेशवे दफ्तरात कोट्यवधी कागद रुमालांत बांधून ठेवलेले आहेत. गो. स. सरदेसायांनी १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला त्यातले निवडक कागद छापले, तेव्हा त्याचे ४५ खंड झाले. तरीही मूळ साठ्याच्या मानाने तो चिमूटभरच. कोणी कोणाला किती कर्ज दिलं, कुठल्या गावात पाण्यावरून भांडण झालं, कुठल्या वर्षी सारा माफ केला, हे सगळं तिथे लिहिलेलं आहे. यातले बहुसंख्य कागद आजवर एकाही अभ्यासकाने सावकाश वाचलेले नाहीत, कारण ते मोडी लिपीत आहेत आणि मोडी वाचणारे थोडे.

मुलीने जेवताना ‘मला मध्ययुगीन इतिहासात बी. ए. करायचंय’ असं जाहीर केल्यावर ज्या घरात घास तोंडाशी थांबतो, त्या घरातल्या आईवडिलांना एवढंच सांगेन की या विषयात काम संपलेलं नाही, ते धड सुरूच झालेलं नाही. पण लगेच दुसरं वाक्यही सांगायला हवं. काम भरपूर आहे, पगार देणारे कमी आहेत. ‘इतिहासाला खूप स्कोप आहे’ म्हणणारा समुपदेशक पहिलं वाक्य सांगतो आणि दुसरं गिळतो. ‘इतिहास घेऊन भीक मागणार का’ म्हणणाऱ्या काकांना दुसरं वाक्य पाठ असतं, पहिलं त्यांनी कधी ऐकलेलंच नसतं.

आधी विषय काय आहे ते पाहू, कारण इथेच बहुतेकांची फसगत होते. मुलांच्या डोक्यात गड, तलवारी आणि चित्रपट असतात. विद्यापीठात शिकवला जातो तो साधारण तेराव्या शतकापासून १८१८पर्यंतचा दख्खन आणि हिंदुस्थान : यादव, १३४७मध्ये उभं राहिलेलं बहमनी राज्य, त्यातून फुटलेल्या पाच शाह्या, विजयनगर, मोगल, मराठे, किनाऱ्यावरचे पोर्तुगीज, डच आणि इंग्रज. लढाया त्यात असतातच, पण वतन म्हणजे काय, बलुतं कसं चालायचं, दुष्काळात गाव उठून कुठे जायचं, मिरची आणि काजू पोर्तुगीजांबरोबर इथे येऊन जेवणात कसे मुरले, थॉमस स्टीफन्स नावाच्या इंग्रज जेझुइट पाद्र्याला साष्टीत बसून मराठी ओव्यांत ‘ख्रिस्तपुराण’ का लिहावंसं वाटलं आणि ते १६१६मध्ये राशोलला का छापलं गेलं, हे प्रश्न जास्त असतात. युरोपात या काळाच्या पदवीत इतिहास, साहित्य, कला आणि पुरातत्त्व एकत्र शिकवण्याची पद्धत आहे. आपल्याकडे ही गोळाबेरीज विद्यार्थ्याला स्वतः करावी लागते.

उदाहरणार्थ महजर, म्हणजे निवाड्याचा कागद, घ्या. पाटीलकी कोणाची, यावर दोन भाऊबंद भांडतात. गोतसभा बसते, गावातले आणि शेजारच्या गावांतले जाणते लोक साक्ष देतात आणि निवाड्याचा कागद होतो. खाली सह्यांच्या जागी निशाण्या असतात : पाटलाचा नांगर, बाईची बांगडी, इतरांची आपापल्या धंद्याची हत्यारं. हा कागद वाचताना शिकाऊ विद्यार्थी आधी गोष्टीत रमतो. चांगला शिक्षक त्याला थांबवून विचारतो : हा कागद कोणाच्या घरात सापडला? जिंकलेल्याच्याच ना? मग हरलेल्याचं म्हणणं इथे कोणाच्या शब्दांत आलंय? साक्षीदारांपैकी कोणाचं कोणाशी नातं आहे? कागद निवाड्याच्या वेळचा आहे की साठ वर्षांनी वंशजाने करवून घेतलेली नक्कल? तीन-चार वर्षं रोज असे प्रश्न विचारणारं मूल पुढे वकील झालं, पत्रकार झालं किंवा बँकेत बसलं, तरी समोर आलेला कागद तसाच्या तसा गिळत नाही. एल.एल.बी.ला गेलेले आणि जमिनीच्या दाव्यांत रमलेले इतिहासाचे पदवीधर मला बरेच भेटतात. हा योगायोग नाही.

तारखेचंच पाहा. कागदावर ‘खमस सबैन व अलफ’ असं साल असतं. हा सुहूर सन, अरबी संख्याशब्दांत लिहिलेला : पाच, सत्तर आणि हजार, म्हणजे १०७५. त्यात ५९९ मिळवले की १६७४ येतं, पण महिना जानेवारी ते मे यांतला असेल तर ६०० मिळवायचे. याशिवाय शालिवाहन शक, हिजरी, फसली आणि राज्याभिषेक शक आहेतच. ज्या मुलाला हे वाचून मजा वाटली त्याने पुढे वाचावं. ज्याला कंटाळा आला त्याने रविवारी गड चढावेत, तोही उत्तम छंद आहे.

आता मुख्य गोष्ट. या क्षेत्रात कॉलेज निवडण्याआधी भाषा निवडावी. कुठल्या कॉलेजचं नाव मोठं, यावर पालक महिनाभर खल करतात. मूळ कागद कुठल्या भाषेत आणि लिपीत आहेत, हे कोणी विचारत नाही. पाच वर्षांनी, एम. ए.ची दोन सारख्याच टक्क्यांची माणसं एका कामासाठी समोर आली, तर ज्याला मोडी आणि फारसी येते त्याला काम मिळतं. दुसऱ्याला शुभेच्छा मिळतात.

मोडी हा पहिला टप्पा. अक्षरओळख दोन-तीन आठवड्यांत होते. खरी अडचण त्यानंतर सुरू होते. शब्द तोडलेले नसतात, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळलेला नसतो आणि प्रत्येक कारकुनाचं वळण वेगळं. सरावाला वर्ष लागतं. राज्याचं पुराभिलेख संचालनालय मोडीचे प्रशिक्षणवर्ग घेतं. पुण्यात वि. का. राजवाड्यांनी १९१०मध्ये स्थापन केलेल्या भारत इतिहास संशोधक मंडळातही वर्ग होतात. बारावीनंतरच्या सुटीत हे सहज जमतं आणि खर्च मोबाईलच्या कव्हरपेक्षा फार जास्त नसतो.

दुसरी भाषा फारसी, कारण आदिलशाही, निजामशाही आणि मोगल दरबाराचे कागद फारसीत आहेत. ग. ह. खरे आणि सेतुमाधवराव पगडी यांचं नाव आजही घ्यावं लागतं, ते त्यांनी फारसी साधनं मराठीत आणली म्हणून. त्यांच्यानंतर रांग लागायला हवी होती, ती लागली नाही. अलीगढ, दिल्ली विद्यापीठ आणि जेएनयू इथे फारसीचे पूर्ण अभ्यासक्रम आहेत. घरात कोणी ‘फारसी कशाला?’ असं नाक मुरडून विचारलं, तर फडणीस, चिटणीस, पोतनीस ही आडनावं कुठून आली ते त्यांनाच शोधायला सांगावं.

कोकण-गोव्याच्या मुलांकडे तिसरा पर्याय आहे आणि माझ्या मते तो सगळ्यात दुर्लक्षित आहे : पोर्तुगीज. पणजीच्या पुराभिलेखागाराचा उगम १५९५चा, दियोगु दु कौतु हा त्याचा पहिला अधिकारी. पावसाळी वाऱ्यांवर ये-जा करणाऱ्या जहाजांतून लिस्बन आणि गोवा यांच्यात चाललेल्या पत्रव्यवहाराची पुस्तकंच्या पुस्तकं तिथे आहेत. पांडुरंग पिसुर्लेकरांनी मराठे-पोर्तुगीज संबंधांचा इतिहास याच साठ्यातून उभा केला. गोवा विद्यापीठात पोर्तुगीज शिकता येते. शिवाय भाषा म्हणून पोर्तुगीजला इतिहासाबाहेरही बाजार आहे, हे पालकांच्या हिशोबासाठी.

परदेशी लोकांनी हे केव्हाच ओळखलं. जपानच्या हिरोशी फुकाझावांनी दख्खनमधल्या गावगाड्यावर, हायडलबर्गच्या गुंथर सोंथायमर यांनी खंडोबा आणि धनगरांवर केलेलं काम आपली मुलं संदर्भासाठी उघडतात. सातासमुद्रापलीकडून येऊन माणसं मराठी शिकली. आपल्या मुलांना ती फुकट मिळालेली आहे.

पदवीचं म्हणाल तर बी. ए. कुठूनही करा. ग्रंथालय बरं असावं आणि एखादा तरी शिक्षक स्वतः संशोधन करणारा असावा. नव्या शैक्षणिक धोरणात चौथ्या वर्षाचा पर्याय आहे. चार वर्षांच्या पदवीला ७५ टक्के असतील तर थेट पीएच.डी.साठी अर्ज करता येतो, पण एम. ए. टाळण्याची घाई मी तरी करणार नाही, कारण भाषा पिकायला ती दोन वर्षं लागतात. एम. ए.ला मात्र जागा पारखून घ्यावी. जेएनयूत मध्ययुगीन इतिहासात विशेष अभ्यास करता येतो, अलीगढची त्या विषयातली परंपरा जुनी आहे. जेएनयू आणि दिल्ली विद्यापीठाचे प्रवेश सीयूईटी-पीजी या प्रवेशपरीक्षेतून होतात. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात पुरातत्त्वाकडून या काळाकडे जाता येतं.

आता पैशांचं, लपवाछपवी न करता. प्राध्यापकीसाठी एम. ए.ला ५५ टक्के आणि नेट किंवा सेट लागते. कायम सहायक प्राध्यापकाचं मूळ वेतन ५७,७०० रुपयांपासून सुरू होतं, ही चांगली बातमी. वाईट बातमी अशी की महाराष्ट्रात कायम जागांची भरती वर्षानुवर्षं रखडते आणि नेट-सेट झालेली तिशी ओलांडलेली माणसं तासिका तत्त्वावर शिकवत राहतात. हा हिशोब आजच घरात मांडून ठेवावा. नेटमध्ये जेआरएफ ही संशोधन-शिष्यवृत्ती मिळाली तर २०२३पासून महिना ३७,००० रुपये आणि दोन वर्षांनी ४२,००० मिळतात. म्हणजे पीएच.डी. घरच्यांच्या पैशांवर करावी लागत नाही. पण जेआरएफ मोजक्यांनाच मिळते, म्हणून तिच्या भरवशावर बसू नये, पण प्रयत्न मात्र पूर्ण ताकदीने करावा.

‘इतिहास घे, यूपीएससीला उपयोग होईल’ हा सल्ला अर्धवट आहे. वैकल्पिक विषयाच्या पहिल्या पेपरात प्राचीन आणि मध्ययुगीन भारत, दुसऱ्यात आधुनिक भारत आणि जग. म्हणजे ज्या काळावर तुम्ही पाच वर्षं घालवलीत तो दोनांपैकी एका पेपरातही निम्माच. यूपीएससी करायचीच असेल तर खुशाल करा, तिच्यासाठी हा विषय घेऊ नका.

वाटा आहेत, पण अरुंद. दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात अभिलेख व्यवस्थापनाची एक वर्षाची पदविका आहे. मुंबईचं छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय संग्रहालयशास्त्राची पदव्युत्तर पदविका चालवतं. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या ग्रेटर नोएडातल्या संस्थेत दोन वर्षांची पुरातत्त्व पदविका आहे, तिला मध्ययुगीन इतिहासाचे एम. ए. चालतात. आणि फारसी शिकणाऱ्यांनी ध्यानात ठेवावं की सर्वेक्षणाची अरबी-फारसी शिलालेखांची शाखा आपल्या नागपुरातच आहे. ११ जुलै २०२५ला बारा मराठाकालीन किल्ले, अकरा महाराष्ट्रातले आणि तमिळनाडूतला जिंजी, जागतिक वारसा यादीत गेले. त्यामुळे जतन, नोंदी, माहितीफलक, पर्यटक-मार्गदर्शन यांची कामं निघतील असं मला वाटतं, पण ती बरीचशी कंत्राटी असतील.

मोडीवाल्यांसाठी सध्या खरी मागणी कुठे आहे, तर जुन्या नोंदींत. मराठवाड्यातल्या कुणबी नोंदी शोधण्यासाठी २०२३मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली, तेव्हा जिल्ह्याजिल्ह्यांत मोडी आणि उर्दू वाचणाऱ्यांची शोधाशोध सुरू झाली. आरक्षणाच्या प्रश्नावर तुमचं मत काहीही असो, लिपी येणाऱ्याला अचानक किंमत आली हे खरं. वतनाचे कागद, जुनी खरेदीखतं आणि देवस्थानांच्या सनदा यांचं लिप्यंतर करून देणारे लोक पानावर पैसे घेतात. त्यावर घर चालत नाही, पण शिकताना हातखर्च निघतो. संगणकाला मोडी वाचायला शिकवण्याचे प्रयोगही सुरू आहेत. २०१४पासून मोडी युनिकोडमध्ये आहे. यंत्राने माणसाचं काम जाईल का? निदान या पिढीत तरी यंत्राने काय चुकीचं वाचलं ते सांगायला मोडी येणारा माणूसच लागणार आहे. इतिहासाबरोबर थोडं प्रोग्रॅमिंग शिकणारं मूल मला भेटलं, तर मी त्याच्या पालकांना निश्चिंत झोपायला सांगेन.

परदेशाबद्दल थोडक्यात. कर्ज काढून एक वर्षाच्या एम. ए.ला जाऊ नये. लंडनमध्ये फी आणि राहणं मिळून चाळीस लाखांच्या आसपास सहज जातात आणि ते फेडणारी नोकरी या विषयात वाट पाहत बसलेली नसते. शिष्यवृत्ती असेल तरच जावं. इनलॅक्स, किंवा ऑक्सफर्ड, सोआस आणि रेडिंगसाठीची फेलिक्स यांचे अर्ज वर्षभर आधी तयार ठेवावेत. अमेरिकेतल्या पीएच.डी.ला चांगल्या विद्यापीठांत फी माफ होऊन वर विद्यावेतन मिळतं, म्हणून तो मार्ग एम. ए.पेक्षा स्वस्त पडतो. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांनी एक गोष्ट नीट पाहावी. केंद्राच्या राष्ट्रीय परदेशी शिष्यवृत्तीतून २०२२च्या नियमांनी भारतीय संस्कृती, वारसा आणि इतिहासावरचं संशोधन वगळलं होतं. त्यामुळे आदिलशाहीवर संशोधन करायला लायडनला जायचं ठरवण्याआधी चालू वर्षाची नियमावली शेवटच्या पानापर्यंत वाचा आणि राज्य सरकारच्या राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीच्या अटीही सोबतच तपासून घ्या.