उत्तराआधी कारण : बीजगणित व भूमितीचा गृहपाठ

गणिताच्या गृहपाठाविषयी बहुतेक घरांत एकच प्रश्न विचारला जातो : ‘उत्तर बरोबर आले का?’ आमच्या मते त्याआधी विचारावयाचा प्रश्न वेगळा आहे : ‘ही ओळ का लिहिली?’ आमचा अध्यापनाचा विषय इतिहास. तथापि निवासी शाळेत सायंकाळच्या अभ्यासिकेवर देखरेख करताना सर्वच विषयांच्या वह्या नजरेखालून जातात. गाईडमधून उतरवलेले उत्तर अचूक असते. पण आकडे बदलून तेच उदाहरण फळ्यावर दिले की लेखणी थांबते. ही उणीव बुद्धीची नसून पद्धतीची आहे. म्हणून येथे दोन साधी उदाहरणे सोडवून दाखवीत आहोत.

उदाहरण १ : एका आयताकृती मळ्याची लांबी रुंदीपेक्षा ६ मीटरने अधिक आहे. कुंपणाचा एक फेरा घालण्यास ६८ मीटर तार लागते. तर लांबी व रुंदी किती?

पुष्कळ मुले लगेच ६८ ला ४ ने भागू लागतात. त्याऐवजी काय ठाऊक नाही, ते प्रथम लिहावे. रुंदी क्ष मीटर मानू. या ‘क्ष’ला बिचकण्याचे कारण नाही. बाराव्या शतकात भास्कराचार्यांनी आपल्या ‘बीजगणित’ ग्रंथात अज्ञात राशीला ‘यावत्तावत्’, म्हणजे ‘जेवढे असेल तेवढे’, असे म्हटले आहे. क्षचा अर्थ एवढाच.

लांबी = क्ष + ६
२(क्ष + क्ष + ६) = ६८ … (आयताची परिमिती)
४क्ष + १२ = ६८ … (कंस सोडवून)
४क्ष = ५६ … (दोन्ही बाजूंतून १२ वजा करून)
क्ष = १४ … (दोन्ही बाजूंना ४ ने भागून)

म्हणून रुंदी १४ मीटर व लांबी २० मीटर.

‘पलीकडे नेले की चिन्ह बदलते’ हे वाक्य मुले पाठ करतात. वस्तुतः संख्या पलीकडे जात नाही. तराजूच्या दोन्ही पारड्यांतून आपण सारखेच वजन उचलतो, म्हणून तोल टिकतो. नवव्या शतकात बगदादमध्ये अल्-ख्वारिझ्मी यांनी दोन्ही बाजूंना सारखी भर घालून वजाबाकीचे पद नाहीसे करण्याच्या क्रियेला ‘अल्-जब्र’ म्हटले. ‘अल्जिब्रा’ हे नाव त्यावरूनच आले.

शेवटी ताळा : २(१४ + २०) = ६८. ताळा पाहणाऱ्या मुलाला आपले उत्तर बरोबर आहे की नाही, हे दुसऱ्या कोणास विचारावे लागत नाही.

उदाहरण २ : त्रिकोणाच्या तिन्ही कोनांच्या मापांची बेरीज १८०° असते, हे सिद्ध करा.

कोनमापकाने मोजल्यास कधी १७९° येतात, कधी १८१°. शिवाय मोजलेला त्रिकोण एकच असतो. सिद्धता सर्व त्रिकोणांसाठी असते.

पक्ष : △अबक
साध्य : ∠अ + ∠ब + ∠क = १८०°
रचना : अ बिंदूतून बाजू बक ला समांतर रेषा पफ काढा, प हा बिंदू ब च्या बाजूस घ्या.
सिद्धता :
∠पअब = ∠ब … (व्युत्क्रम कोन)
∠फअक = ∠क … (व्युत्क्रम कोन)
∠पअब + ∠बअक + ∠फअक = १८०° … (सरळ कोन)
∴ ∠ब + ∠अ + ∠क = १८०°

वह्यांमध्ये नेमके उजवीकडचे कंसच रिकामे राहतात. खरा अभ्यास मात्र त्या कंसांतच असतो.

१८८२ साली हंटर आयोगापुढील निवेदनात महात्मा जोतीराव फुले यांनी प्राथमिक शिक्षणात मोडी व बाळबोध वाचन-लेखनाबरोबर हिशेबाचाही आग्रह धरला होता. ज्याला हिशेब तपासता येत नाही, त्याला सावकाराच्या वहीतील आकडा मान्य करावा लागतो, हे आपल्या आधीच्या पिढ्यांनी सोसले आहे. त्यामुळे ताळा पाहण्याची सवय आम्हांस केवळ परीक्षेपुरती वाटत नाही.

‘आम्ही शिकलो नाही, अभ्यास कसा घेणार?’ असे अनेक पालक संकोचाने म्हणतात. त्यांना आमची विनंती अशी : सुटीत मूल घरी आले की त्याच्याकडून एक उदाहरण तोंडी समजावून घ्या. प्रत्येक ओळीला ‘का?’ एवढेच विचारा. ते अडखळेल तेथे पेन्सिलीने खूण करा. शिक्षक तेथूनच पुढे शिकवतील. माजी विद्यार्थ्यांनीही एखाद्या सायंकाळी अभ्यासिकेत येऊन मुलांशेजारी बसावे. उत्तर सांगू नये. कारण विचारावे, आणि मूल विचार करीत असेल तोवर थांबावे.