दूध-अंड्यांविना बिस्किट : पुदिना आणि चॉकलेट

भारतात वेष्टनात विकल्या जाणाऱ्या खाद्यपदार्थावर हिरवा ठिपका दिसला की ग्राहक निश्चिंत होतो. या ठिपक्याचा अर्थ मात्र मर्यादित आहे. पदार्थात मांस, मासे अथवा अंडी नाहीत, एवढेच तो सांगतो. दूध, लोणी, दुधाची भुकटी किंवा मध त्यात असू शकतो. ज्या मुलाला दुधातील प्रथिनांची ॲलर्जी आहे, त्याच्या दृष्टीने हा भेद अत्यंत महत्त्वाचा होय. एखाद्या वाढदिवसाच्या मेजवानीत सर्व मुलांच्या हाती चॉकलेटचे बिस्किट पडते आणि एकाच मुलाला ते नाकारावे लागते. असे बिस्किट घरी तयार करता आले, तर त्यातील प्रत्येक घटक करणाऱ्याला ठाऊक असतो. प्रस्तुत पाठाचा विषय हाच आहे.

प्राणिजन्य पदार्थ पूर्णपणे वर्ज्य करणाऱ्यांसाठी 'व्हीगन' हा शब्द 1944 मध्ये इंग्लंडमध्ये रूढ झाला. भारतातही अशा पदार्थांसाठी 2022 मध्ये स्वतंत्र नियम करण्यात आले असून त्यांच्यासाठी वेगळे बोधचिन्ह ठरविण्यात आले आहे. तथापि, विचारसरणी म्हणून दूध सोडणारा, दुधातील शर्करा न पचणारा आणि दुधाची ॲलर्जी असणारा, या तीन व्यक्तींच्या गरजा एक नाहीत. शर्करा न पचणाऱ्यास साजूक तूप बहुधा चालते, कारण त्यात ती जवळजवळ नसते. ॲलर्जी असणाऱ्यास मात्र तुपात उरलेला प्रथिनांचा अल्प अंशही अपायकारक ठरू शकतो. म्हणून येथे तुपाचाही उपयोग केलेला नाही.

दूध आणि अंडी यांचे कार्य

कोणताही घटक वगळण्यापूर्वी तो काय काम करीत होता, हे समजून घ्यावे लागते. मैद्यात पाणी मिसळून तो मळला की त्यातील प्रथिनांचे चिवट जाळे तयार होते. पोळीला हे जाळे हवे असते. बिस्किटाला नको असते. कोरड्या पिठात स्निग्ध पदार्थ आधी मिसळल्यास पिठाच्या कणांभोवती त्याचे आवरण बसते, पाणी आत सहज शिरत नाही आणि पदार्थ खुसखुशीत होतो. शंकरपाळ्यांच्या पिठात मोहन घालणाऱ्या प्रत्येक गृहिणीला हे तत्त्व अनुभवाने ज्ञात असते.

लोण्यात सुमारे 80 टक्के स्निग्धांश असतो. उरलेल्या भागात पाणी आणि दुधाचे घन पदार्थ असतात. हे घन पदार्थ उष्णतेने तांबूस होतात व खरपूस स्वाद देतात. अंडे पिठास बांधून ठेवते, ओलावा पुरविते आणि तेल व पाणी यांचा मेळ घालते. केकमध्ये अंड्याची उणीव भरून काढणे कठीण असते. बिस्किट चपटे व लहान असल्यामुळे त्याला अंड्याच्या आधाराची विशेष गरज नसते. सुरत शहराशी निगडित असलेली नानखटाई अंड्याविनाच होते, हे त्याचे परिचित उदाहरण आहे. लोण्याचा खरपूस स्वाद जातो हे खरे. पण कोकोचा स्वाद इतका प्रभावी असतो की ती उणीव जाणवत नाही.

स्निग्ध पदार्थाची निवड

1937 पासून 'डालडा' या नावाने परिचित झालेले वनस्पती तूप अनेक दशके भारतीय बेकरीचा आधार होते. ते वनस्पतिजन्य होते, परंतु तेल अंशतः गोठविण्याच्या प्रक्रियेत निर्माण होणारी ट्रान्स मेदाम्ले हृदयास घातक असतात, हे पुढे निश्चित झाले. जानेवारी 2022 पासून भारतात तेल व स्निग्ध पदार्थांतील अशा मेदाम्लांची मर्यादा 2 टक्क्यांवर आणण्यात आली.

घरगुती उपयोगासाठी खाद्य खोबरेल तेल सोयीचे ठरते. ते सुमारे 24 अंश सेल्सिअसच्या खाली गोठते, म्हणून तुपाप्रमाणे फेसता येते. केरळच्या किनाऱ्यावर ते वर्षातील बहुतेक दिवस पातळ असते, तर उत्तर भारतात हिवाळ्यात दगडासारखे घट्ट होते. दोन्ही अवस्था अडचणीच्याच. पातळ तेल थंड पाण्यात भांडे ठेवून मलईसारखे करावे, घट्ट तेल कोमट जागी ठेवून मऊ करावे. नारळाचा वास नको असल्यास शुद्धीकृत तेल घ्यावे. खोबरेल तेलात संपृक्त मेदाम्लांचे प्रमाण मोठे असल्याने हे बिस्किट पौष्टिक आहार नव्हे, तर प्रसंगोपात्त खाण्याचा खाऊ आहे, हेही ध्यानात असावे.

पुदिन्याचे दोन प्रकार

चटणीसाठी आपण वापरतो तो पुदिना आणि चॉकलेटमध्ये येणारा गारवा यांचा उगम एकच आहे, असा समज आढळतो. वस्तुतः स्वयंपाकघरातील पुदिन्याचा वास प्रामुख्याने कार्व्होन या द्रव्यामुळे येतो. त्याची ताजी पाने वाटून पिठात घातल्यास बिस्किटाला चटणीचा वास येतो आणि पानांतील पाण्यामुळे ते मऊ पडते. गारवा देणारे द्रव्य म्हणजे मेंथॉल. ते पेपरमिंट आणि जपानी पुदिना या जातींत विपुल असते.

जपानी पुदिन्याची लागवड भारतात विसाव्या शतकाच्या मध्यानंतर वाढली. लखनौ येथील केंद्रीय औषधी व सुगंधी वनस्पती संस्थेने त्याचे सुधारित वाण विकसित केले. आज उत्तर प्रदेशातील बाराबंकी, बदायूं, रामपूर आदी जिल्ह्यांत हे उन्हाळी पीक म्हणून घेतले जाते. कापलेला पाला किंचित सुकवून वाफेच्या साहाय्याने त्यातील तेल काढतात. हे तेल थंड केले की मेंथॉलचे स्फटिक वेगळे होतात. पुदिन्याच्या तेलाच्या उत्पादनात भारत जगात अग्रस्थानी आहे. कृत्रिम मेंथॉलची स्पर्धा मात्र या शेतकऱ्याच्या भावावर सतत दडपण आणते.

मेंथॉलमुळे तोंड प्रत्यक्षात थंड होत नाही. थंडीची जाणीव करून देणारा मज्जातंतूंतील ग्राहकच मेंथॉलमुळे उत्तेजित होतो आणि मेंदूला गारव्याचा संदेश मिळतो. हा ग्राहक 2002 मध्ये दोन स्वतंत्र प्रयोगशाळांनी ओळखला. त्या संशोधनाचे प्रमुख डेव्हिड ज्युलियस आणि आर्डेम पटापूटियन यांना स्पर्श व तापमान यांच्या संवेदनेवरील कार्यासाठी 2021 चे नोबेल पारितोषिक मिळाले.

कोको आणि चॉकलेट

कोकोचे मूळ दक्षिण अमेरिकेतील असले, तरी केरळ, कर्नाटक, आंध्र प्रदेश आणि तमिळनाडू येथे तो नारळ व सुपारीच्या बागांत आंतरपीक म्हणून वाढतो. 1973 मध्ये मंगळूर येथे स्थापन झालेल्या 'कॅम्प्को' या सुपारी व कोको उत्पादकांच्या सहकारी संस्थेने 1986 मध्ये पुत्तूर येथे स्वतःचा चॉकलेट कारखाना उभारला. उत्पादकाने केवळ कच्च्या बियांवर अवलंबून राहू नये, हा त्यामागील विचार होता.

बाजारात कोकोची भुकटी दोन प्रकारची मिळते. नैसर्गिक भुकटी फिकट व किंचित आम्ल असते. अल्कलीची प्रक्रिया केलेली भुकटी गडद व सौम्य असते. खाण्याचा सोडा आम्लाच्या संयोगाने कर्बवायू सोडतो, त्यामुळे नैसर्गिक भुकटीबरोबर तो सहज काम करतो. भुकटी प्रक्रिया केलेली असेल, तर अर्धा चमचा लिंबाचा रस घालावा. अन्यथा न वापरलेल्या सोड्याची साबणासारखी चव उरते.

गडद चॉकलेट विकत घेताना घटकांची यादी अखेरपर्यंत वाचावी. अनेक गडद चॉकलेटांत दुधाचे घन पदार्थ घातलेले असतात. यादीत दूध नसले, तरी त्याच यंत्रावर दुधाचे चॉकलेट तयार होत असल्यास त्याचा अंश उतरू शकतो. वेष्टनावरील तशी सूचना ॲलर्जी असणाऱ्याच्या घरी कधीही दुर्लक्षू नये. 'व्हीगन' चिन्ह हे ॲलर्जीपासून संरक्षणाची हमी नव्हे.

साहित्य आणि कृती

सुमारे 24 बिस्किटांसाठी मैदा 150 ग्रॅम, कोकोची भुकटी 40 ग्रॅम, पिठीसाखर 100 ग्रॅम, खोबरेल तेल 90 ग्रॅम, खाण्याचा सोडा पाव चमचा, चिमूटभर मीठ, पाणी 2 ते 3 मोठे चमचे, खाद्य प्रतीचे पेपरमिंट तेल 3 थेंब आणि वरील लेपासाठी दूधविरहित गडद चॉकलेट 80 ग्रॅम घ्यावे.

मैदा, कोको, सोडा व मीठ दोन वेळा चाळून घ्यावे. मऊ खोबरेल तेल आणि पिठीसाखर परातीत हाताने किंवा लाकडी चमच्याने मिश्रण फिकट व हलके होईपर्यंत फेसावे. त्यात पेपरमिंट तेलाचे 2 थेंब घालावेत. मेंथॉल स्निग्ध पदार्थात विरघळते, पाण्यात जवळजवळ विरघळत नाही; म्हणून ते याच टप्प्यावर घालणे आवश्यक आहे. नंतर चाळलेले पीठ मिसळावे. मूठ दाबली असता मुटका वळू लागला, की मोहन योग्य झाले असे समजावे. मग एकेक चमचा पाणी शिंपडून गोळा जुळवावा, परंतु मळू नये.

लहान लिंबाएवढे गोळे करून ते चपटे करावेत व तेलाचा हात लावलेल्या ताटलीत अंतर ठेवून मांडावेत. वीस मिनिटे थंड जागी ठेवल्यास तेल गोठते आणि भाजताना बिस्किटे पसरत नाहीत. आकार देण्यापूर्वीच गोळा थंड केला, तर तो घट्ट होऊन फुटतो. म्हणून क्रम बदलू नये. आधी तापविलेल्या भट्टीत 170 अंशांवर 11 ते 13 मिनिटे भाजावे. भट्टी नसल्यास जाड बुडाच्या पातेल्यात मिठाचा थर पसरून, त्यावर तिवई ठेवून, झाकणासह 10 मिनिटे तापवावे व मंद आचेवर भाजावे. यासाठी कुकर वापरल्यास शिटी आणि रबरी कडे काढून ठेवलेच पाहिजे.

कोकोमुळे रंगावरून भाजणी ओळखता येत नाही. कडा घट्ट आणि मध्यभाग अजून मऊ असताना बिस्किटे बाहेर काढावीत. निवताना ती कडक होतात. भट्टीत पुदिन्याचा काही वास उडून जातो. म्हणून तिसरा थेंब लेपासाठी राखावा. गरम पाण्यावर ठेवलेल्या कोरड्या भांड्यात चॉकलेट वितळवून त्यात तो मिसळावा आणि निवालेल्या बिस्किटांचा अर्धा भाग त्यात बुडवावा. पाण्याचा एक थेंब जरी आत पडला, तरी चॉकलेट घट्ट व रवाळ होते.

दोष आणि दक्षता

बिस्किटे पसरली, तर तेल फार पातळ होते किंवा भट्टी पुरेशी तापलेली नव्हती. ती चिवट झाली, तर पाणी अधिक पडले अथवा पीठ मळले गेले. कोरडी होऊन भुगा झाला, तर भाजणी लांबली. लेपावर काही दिवसांनी पांढुरकी झाक आल्यास ती बुरशी नसून कोकोच्या चरबीचा थर असतो. त्याने अपाय होत नाही.

पेपरमिंट तेल अत्यंत तीव्र असते. ते थेंबांनीच मोजावे, मुलांच्या हाती लागू देऊ नये आणि तान्ह्या मुलांच्या नाका-तोंडाजवळ नेऊ नये. त्यांच्या श्वासास त्याने अडथळा होऊ शकतो. ॲलर्जी असणाऱ्यासाठी बिस्किटे करताना परात, चाळणी आणि डबा आधी स्वच्छ धुवावा, कारण तुपाचा हात लागलेली चाळणी सर्व काळजी व्यर्थ ठरविते. घट्ट झाकणाच्या डब्यात ही बिस्किटे आठवडाभर चांगली राहतात. पंगतीतील सर्वांना एकाच डब्यातून वाढता यावे, इतकाच या परिश्रमांचा उद्देश आहे. आणि तो थोडा नाही.