हिशेबाचा प्रोग्राम उघडत नाही? आधी फाइलचे नाव वाचा



लिनक्सवर चालणाऱ्या संगणकात बिलाचा प्रोग्राम उघडायला जावे आणि एक इंग्रजी ओळ दाखवून त्याने गप्प बसावे, हा तजुर्बा काहींना आला असेल. ओळीचा अर्थ एवढाच, की अमुक नावाची सामायिक लायब्ररी सापडली नाही. घाबरून माणूस संगणक दुरुस्तीला देतो, तिथे सगळे पुसून नव्याने भरले जाते आणि नक्कल ठेवलेली नसेल तर उधारीची खतावणीही जाते.

लायब्ररी म्हणजे येथे पुस्तकालय नव्हे. भिवंडी-मालेगावचा मागवाला सुताला खळ घरी देत बसत नाही, सायझिंगमधून तयार बीम आणतो. एका सायझिंगवर पुष्कळ माग चालतात. तसेच अनेक प्रोग्रामना लागणारे काम एका फाइलमध्ये ठेवलेले असते व सर्वजण ते वापरतात. बीम न आल्यास माग बंद राहतो, पण माग बिघडलेला नसतो.

२०२३ च्या रमजानच्या अखेरच्या आठवड्यात माझ्या पेढीवर हेच झाले. उबुंटू २०.०४ बदलून २२.०४ केले होते. ईदची गिऱ्हाइकी जोरात, २० तारखेचा जीएसटी डोक्यावर, आणि प्रोग्राम बंद. दुरुस्तीवाला म्हणाला, "सेठ, फॉरमॅट करावं लागेल." मी नकार दिला.

भाच्याने 'एलडीडी' ही आज्ञा देऊन पुढे प्रोग्रामचा पत्ता लिहिला. (आज्ञा इंग्रजी लहान अक्षरांत द्यावी.) त्यासरशी लागणाऱ्या सर्व लायब्ररींची यादी आली. जी हजर तिच्यापुढे जागा, जी गैरहजर तिच्यापुढे 'नॉट फाउंड'. चुकीच्या ओळीत फक्त पहिली गैरहजर फाइल दिसते, यादीत सगळ्या दिसतात. आमच्याकडे दोन निघाल्या : लिबएसएसएल व लिबक्रिप्टो, दोन्ही १.१ क्रमांकाच्या. नेटवरचा व्यवहार गुप्त ठेवणाऱ्या ओपनएसएसएलचे हे भाग. उबुंटू २२.०४ मध्ये त्यांच्या जागी ३ क्रमांकाचे आले आहेत.

"मामू, ३ वाल्यालाच १.१ चे नाव देतो," भाचा म्हणाला. दिले. प्रोग्राम तरीही उघडला नाही, फक्त तक्रार बदलली : फाइल आहे, पण आतली आवृत्ती ती नव्हे. ८० ची फणी मागणाऱ्या मालाला ६० ची फणी लावून वर ८० लिहिल्यासारखे ते झाले. नावाशेवटचा आकडा शोभेसाठी नसतो. कधी अशी जोडणी चालूनही जाते आणि प्रोग्राम मध्येच कोसळतो, ते तर जास्त वाईट. ती जोडणी काढून टाकली, प्रोग्राम बनवणाऱ्याला फोन केला आणि ३ वर चालणारी नवी प्रत मागवली. खतावणीला धक्काही लागला नाही. जुनी १.१ कुठून तरी आणून बसवण्याचा सल्ला आता देऊ नये, कारण ११ सप्टेंबर २०२३ पासून तिची सर्वसाधारण देखभाल बंद आहे.

बहुतेक वेळा मामला इतका अवघड नसतो. लायब्ररी नुसती बसवायची राहिलेली असते. ती कोणत्या पॅकेजात आहे हे उबुंटू-डेबियनवर 'एपीटी-फाइल सर्च' आणि फेडोरावर 'डीएनएफ प्रोव्हाइड्स' सांगते. (पहिले साधन आधी बसवून त्याची यादी ताजी करावी लागते.) फाइल डिस्कवर असून भलत्याच फोल्डरात असेल, तर त्या फोल्डराचा पत्ता 'इटीसी' मधील 'एलडी डॉट एसओ डॉट कॉन्फ डॉट डी' मध्ये 'कॉन्फ' शेपटीच्या फाइलीत लिहून रूटच्या अधिकाराने 'एलडीकॉन्फिग' चालवावे. अनोळखी साइटवरून सुटी लायब्ररी उतरवू नये. ज्या प्रोग्रामवर भरवसा नाही त्याच्यावर 'एलडीडी'ही चालवू नये, त्यात तो प्रोग्रामच चालू होण्याचा धोका असतो.

एक प्रकार मात्र चकवतो. प्रोग्राम डोळ्यांसमोर असतो आणि संगणक म्हणतो, अशी फाइलच नाही. 'एलडीडी'ही काही सांगत नाही. अशा वेळी 'फाइल' ही आज्ञा देऊन पाहावे. प्रोग्राम ३२ बिटचा व संगणक ६४ बिटचा निघाला, तर गैरहजर आहे तो ३२ बिटचा लोडर. डेबियन-उबुंटूवर 'आय३८६' ही जात 'डीपीकेजी'ने जोडून, यादी ताजी करून, त्या जातीचे 'लिबसी६' बसवावे. मग 'एलडीडी' पुन्हा चालवून बाकीच्या लायब्ररी एकेक करून भराव्यात.